फ्रीजमध्ये बर्फाचा डोंगर का साचतो?



आपल्या या अंकातून लागणीची, खोडव्याची, पाण्याच्या पाळ्यांची माहिती नेहमीच येत असते. यावेळी थोडे स्वयंपाकघरात शिरू या. पूर्वी गावात फ्रीज असायचा तो एखाद्या डॉक्टरांकडे, नाहीतर दूध डेअरीत. कुणाचा पाय मुरगळला की पोर फडके घेऊन बर्फ मागायला पळायचे. आता तसे राहिलेले नाही. मळ्यातल्या वस्तीवरही फ्रीज आहे आणि त्यात नुसते दूध-भाजी नसते. म्हाताऱ्या माणसांची औषधे असतात, गोठ्यातल्या जनावरांची लस असते. त्यामुळे फ्रीज बिघडला तर नुसती कोथिंबीर सुकत नाही, माणूसही आजारी पडू शकतो. हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो.

मी कारखान्यात बॉयलिंग हाऊसला ३१ वर्षे फिटर होतो. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून आसपासच्या वस्त्यांवर पंप, मोटारी आणि फ्रीज बघत असतो. पावसाळा लागला की सगळ्यात जास्त बोलावणे येते ते बर्फाचे. "फ्रीझरचं झाकण उघडत नाही", "बर्फाचा ट्रे आत अडकून बसलाय", "खाली सगळं पाणी पाणी झालंय". गंमत म्हणजे काही घरांत या बर्फाचे कौतुकच असते. "फ्रीज कसला भारी, बघा बर्फ केवढा धरतो!" असे मला एका माउलीने चहा देता देता सांगितले होते. तिथूनच सुरुवात करू.

बर्फ येतो कुठून

फ्रीज पाणी तयार करत नाही. हा बर्फ म्हणजे बाहेरून आत गेलेली ओल. पावसाळी दमट हवेत, एका घनमीटरला वीसेक ग्रॅम तरी पाणी वाफेच्या रूपाने असते. आपण दार उघडले की गार हवा जड म्हणून पायाशी सांडते आणि तिच्या जागी ही दमट हवा आत शिरते. फ्रीझरच्या पत्र्याला ती टेकली की तिच्यातली वाफ तिथेच गोठते. पहाटे उसाच्या पाचटावर दव पडते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे दव पडल्या पडल्या गोठते आणि उन्हे यायचीच नसतात, म्हणून थरावर थर चढत जातो.

वाफ आत नेण्याचे आणखी रस्ते आपणच करून ठेवतो. आमटीचे पातेले झाकण न घालता ठेवणे, तापवलेले दूध कोमट असतानाच सारणे, धुतलेली भाजी ओलीचिंब कोंबणे. आणि पोरांचे काय सांगावे! दार उघडे टाकून "काय खाऊ" म्हणून उभी राहतात, त्या दोन मिनिटांत आतली बरीचशी हवा बदलून जाते.

आता या बर्फाने बिघडते काय? आपल्यापैकी ज्यांनी गळीत हंगामात कारखाना फिरून पाहिला असेल त्यांना लगेच उमजेल. रस आटवण्याच्या इव्हॅपोरेटरमध्ये नळ्यांना आतून स्केल धरते. बाहेरून वाफ तेवढीच दिलेली असते, पण नळीला खपली धरली की उष्णता रसापर्यंत पोचत नाही. सिरपचा ब्रिक्स उतरतो, वाफ जास्त लागते, गाळप अडते. म्हणून ठरावीक दिवसांनी गाळप थांबवून कॉस्टिक उकळायचे, नळ्यांतून ब्रश फिरवायचे, हे आम्ही वर्षानुवर्षे केले. फ्रीजमधल्या ज्या पत्र्यावर बर्फ धरतो त्याचेही नाव इव्हॅपोरेटरच. तिथे उष्णता उलट दिशेने, म्हणजे आतल्या हवेतून पत्र्याकडे जायची असते. तो पत्रा ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियमच्या मानाने बर्फातून उष्णता जायचे प्रमाण सुमारे शंभरावा हिस्सा, आणि भुसभुशीत, हवा धरलेल्या बर्फातून तर त्याहूनही कमी. म्हणजे पत्र्याने गोधडी पांघरली. वरून गोधडी गार, पण खोलीतल्या वस्तू कोमट, आणि कंप्रेसर मात्र रात्रंदिवस धापा टाकतोय. वीजबिल आले की मग आपण वीज मंडळाच्या नावाने बोटे मोडायची!

एक दारी फ्रीज असेल तर

वर छोटा फ्रीझर आणि एकच दार, असे फ्रीज आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. त्यांत बर्फ धरणारच, तो दोष नव्हे. तो वेळच्या वेळी काढणे हे घरच्यांचे काम. करंगळीच्या अर्ध्या जाडीएवढा थर दिसला की काढावा, बोटभर होण्याची वाट बघू नये.

थर्मोस्टॅटची जी फिरवायची खुंटी असते तिच्या मधोमध बहुतेक फ्रीजना एक बटण असते. ते दाबले की कंप्रेसर थांबतो, बर्फ वितळतो आणि पत्रा पुरेसा उबदार झाला की बटण आपोआप बाहेर येऊन फ्रीज चालू होतो. हे बटण रात्री सामान कमी असताना दाबावे. फ्रीझरखालचा ट्रे जागेवर आहे ना, ते आधी बघावे. एकदा मला चार किलोमीटर पावसातून बोलावून नेले, "फ्रीज जळाला" म्हणून. नातवाने खेळता खेळता ते बटण दाबले होते, बाकी काही नाही. मी पोचेपर्यंत ते बाहेरही आले होते. फुकट चहा मिळाला.

थर फारच जाड असेल तर बटणाच्या भरवशावर राहू नये. पिन काढून, सामान बाहेर काढून, दार सताड उघडे ठेवावे. घाई असेल तर फ्रीझरमध्ये जाड फडक्यावर गरम पाण्याचे भांडे ठेवावे, किंवा टेबलफॅन जरा लांब, कोरड्या जागी ठेवून त्याचा वारा आत सोडावा. उकळते पाणी थेट पत्र्यावर वा काचेवर ओतू नये, काच तडकते. मीठ टाकू नये, ॲल्युमिनियम खाऊन जाते. आणि सुरी, विळी, स्क्रूड्रायव्हर यांतले काहीही आत घालू नये.

हे शेवटचे वाक्य मी ठळक का सांगतो, ते ऐका. माझा पहिला फ्रीज मी पोळ्याच्या वेळी मिळालेल्या हप्त्यातून घेतला होता. वडिलांच्या नावे दोन एकर ऊस, त्याचे ते पैसे. तिसऱ्या वर्षी बर्फाचा ट्रे अडकला. मी फिटर माणूस, हातात स्क्रूड्रायव्हर असला की मला जगाची भीती नसे. ट्रेच्या खाली टोक घातले आणि वरून हाताचा एक ठोका दिला. "फुस्स" झाले. त्या पत्र्याच्या पोटातच गॅसच्या वाटा असतात, दोन पातळ पत्रे एकमेकांना चिकटवून मध्ये फुगवलेल्या. टोक सरळ वाटेत गेले होते. मिस्त्रीने भोक चिकटवून गॅस भरला, तो महिनाभर टिकला. पुन्हा भरला, पुन्हा गेला. भोकातून गॅस गेला तेवढेच नव्हे, दमट हवा आत शिरली होती. तिच्यातले पाणी केसासारख्या बारीक नळीत गोठून अडायचे. फ्रीज दोन तास चालायचा, दोन तास रुसायचा. शेवटी भंगारात दिला. वडील काही बोलले नाहीत, पण त्यानंतर कित्येक वर्षे घरात काही अडकले की ते मला म्हणायचे, "तू नको, मी बघतो."

तेव्हाच्या फ्रीजमध्ये जो गॅस असे तो पेट घेत नसे, मात्र आकाशातल्या ओझोनच्या थराला मारक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. आता घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक ठिकाणी आर-६००ए नावाचा गॅस येतो. हा म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊबंदच. असतो काही दहा ग्रॅमच, पण पेटतो. शिवाय सिलिंडरच्या गॅसला जो वास मुद्दाम घातलेला असतो तो याला नसतो. फ्रीजच्या मागे, कंप्रेसरजवळच्या चिठ्ठीवर त्याचे नाव आणि ज्वाळेची खूण असते, ती एकदा बघून ठेवा. बर्फ खरवडताना फुस्स आवाज आलाच तर शेगडी, निरंजन, विडी सगळे विझवा, दारे-खिडक्या उघडा, त्या खोलीतल्या बटणांना हात लावू नका. आणि कुणी मिस्त्री अशा फ्रीजची नळी जोडायला घरात सरळ टॉर्च पेटवू लागला तर त्याला थांबवा. आधी गॅस मोकळ्या हवेत सोडून, नळ्या नायट्रोजनने फुंकून मगच जोड द्यायचा असतो.

दोन दारी, बर्फ न धरणारा

हल्लीच्या मोठ्या फ्रीजना "फ्रॉस्ट फ्री" म्हणतात. लोकांचा समज असा की यात बर्फ होतच नाही. होतो, पण आपल्याला दिसत नाही. थंडावा देणारी जाळी फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड असते आणि पंखा तिच्यावरची गार हवा वर-खाली फिरवतो. काही तासांनी कंप्रेसर थांबून जाळीखालचा हीटर आपोआप लागतो, बर्फ वितळतो, पाणी नळीने मागच्या ट्रेमध्ये जाते आणि कंप्रेसरच्या उष्णतेने तिथे वाळून जाते.

यातली एक कडी तुटली की जाळी बर्फाने बुजते. मग तक्रार अशी येते: "वर आइस्क्रीम दगडासारखं, पण खाली दूध नासतंय." पुष्कळदा मिस्त्री आल्या आल्या गॅस संपला म्हणून सांगतो. पैसे देण्याआधी ही परीक्षा करून बघा. फ्रीज रिकामा करा, पिन काढा, दोन्ही दारे उघडी टाकून पूर्ण एक दिवस-रात्र तसाच ठेवा. खाली पोती-फडकी अंथरा. मग चालू करा. आठ-दहा दिवस छान चालून पुन्हा तेच सुरू झाले, तर गॅस शाबूत आहे, बर्फ वितळवणारी व्यवस्था बिघडली आहे असे धरून चालायला हरकत नाही. गॅस खरोखर कमी असता तर बर्फ वितळवून फ्रीज बरा कसा झाला असता?

मग ते टायमर असेल, हीटर जळला असेल, जाळीवरचा छोटा थर्मोस्टॅट गेला असेल, नव्या फ्रीजमध्ये सेन्सर किंवा सर्किट असेल. हे मीटर लावूनच कळते, त्यामुळे ते जाणत्या माणसाकडे सोपवा. एवढे मात्र बजावून सांगा की वितळफ्यूज उडाला असेल तर नवा घाल, तार जोडून "डायरेक्ट" करू नकोस. तो फ्यूज हीटर बंद व्हायचा राहिला तर फ्रीजच पेटू नये म्हणून असतो.

फ्रीझरच्या तळाला बर्फाची लादी धरत असेल, किंवा भाजीच्या खणाखाली पाणी साचत असेल, तर हीटर ठीक आहे, पाण्याची वाट तुंबली आहे. कोथिंबिरीचे एक पान पुरते. आपल्याकडे यावर नामी हत्यार आहे. जनावरांना टोचायची मोठी सिरिंज घ्या, सुई काढा, स्वच्छ धुऊन कोमट पाणी भरा आणि त्या भोकात हळूहळू सोडा. मागच्या ट्रेमध्ये पाणी उतरले की समजा वाट मोकळी झाली. पाटाच्या तोंडाशी पाचट अडकते, ते काढल्यासारखेच.

दार, रबर आणि खुंटी

दोन्ही जातींच्या फ्रीजना लागू पडणारे एक कारण म्हणजे दाराचे रबर. बर्फ सगळीकडे सारखा न धरता दाराच्या बाजूला जास्त धरत असेल तर आधी रबराकडे बघा. दार लावताना मध्ये कागदाचा कपटा धरा आणि ओढा. सहज निसटला तर तिथे फट आहे. चारी बाजूंनी असे करा. रबर बऱ्याचदा फाटलेले नसते, नुसते चिकट घाणीने ताठरलेले असते. साबणाच्या कोमट पाण्याने पुसून, वाकलेल्या जागी कोमट फडक्याचा शेक दिला की ते पुन्हा बसते. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवावेत, म्हणजे अर्धवट सोडलेले दार आपोआप लागते.

एक दारी फ्रीजमध्ये थर्मोस्टॅटची बारीक नळी फ्रीझरच्या पत्र्याला चिमट्याने टेकवलेली असते. ती निसटली की थर्मोस्टॅटला थंडी कळत नाही, कंप्रेसर थांबत नाही आणि खालच्या कप्प्यातले दूधसुद्धा गोठते. उलट पत्र्याच्या एकाच कोपऱ्यात बर्फ, बाकीचा पत्रा कोरडा आणि कंप्रेसर अखंड चालू, असे असेल तर मात्र गॅस कमी झाल्याची शंका घ्यावी.

विजेचे आपल्याला ठाऊकच आहे. शेतीपंप चालू झाले की वस्तीवरचा दाब उतरतो. कंप्रेसर नुसता हुंकार देऊन पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा आणि वीज आल्यावर तीन-चार मिनिटे थांबून मगच फ्रीज चालू करा.

औषधाची बाटली

आता सुरुवातीला म्हणालो ते. माझ्या आईला बरीच वर्षे साखरेचा आजार आहे. दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. बाटली आम्ही वरच्या फळीवर, फ्रीझरच्या खाली ठेवत असू, गार जागा म्हणून. उन्हाळ्यात खुंटी कुणीतरी शेवटच्या आकड्यावर नेलेली, ती तशीच राहिली. श्रावणात बर्फ वाढत वाढत फळीपर्यंत आला आणि एका रात्री बाटली गोठली. आईने सकाळी ती तळहातात धरून वितळवली आणि टोचून घेतली. महागाचे औषध टाकायचे कसे, हा तिचा हिशोब. वितळल्यावर ते दिसायला पहिल्यासारखेच होते. ती मला काही बोलली नाही. आठवडाभरात तहान, थकवा, डोळ्यांपुढे अंधारी सुरू झाली आणि तालुक्याला दवाखान्यात ठेवावे लागले. डॉक्टरांनी दोन-तीन प्रश्न विचारून झाल्यावर विचारले, "इन्सुलिन ठेवता कुठं?" मी गप्प उभा. त्याच आठवड्यात मी लोकांचे पाच फ्रीज दुरुस्त केले होते.

एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नसते, टाकून द्यायचे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे. लाळ्या-खुरकूत, घटसर्प यांच्या लसींचेही तेच. गोठलेली लस टोचली तर गाय टोचली एवढेच समाधान, रोग आला की ती उघड्यावरच. म्हणून औषध आणि लस फ्रीझरखाली नको, मागच्या भिंतीला टेकूनही नको. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात ठेवा. दारातल्या कप्प्यात तर नकोच, तिथे दर उघडझापीला ऊन-गार होते. त्या फळीवर पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा आणि सकाळी वाचा. ताप बघायचा नव्हे, साधा पाण्या-हवेचा. २ च्या खाली उतरला तर खुंटी कमी करा, ८ च्या वर गेला तर आधी बर्फ किती धरलाय ते बघा. पावसाळ्यात आणि थंडीत उन्हाळ्याइतकी खुंटी लागत नाही.

आमच्या घरी तो पेला आता कायमचा आहे. आई चहाच्या आधी आकडा वाचते आणि आत ओरडून सांगते, "पाच हाय रे!"

जाता जाता त्या मागच्या ट्रेचे राहिले. त्यात पाणी साचून राहिले तर डेंग्यूचा डास तिथे अंडी घालतो. आरोग्य खात्याची माणसे घरोघरी रांजण बघतात, पण फ्रीजमागे सहसा कुणी वाकत नाही. पावसाळाभर दर आठवड्याला पिन काढून ट्रे ओढा, पाणी ओता, घासून कोरडा करून परत बसवा. काही फ्रीजचा ट्रे कंप्रेसरवर स्क्रूने बसवलेला असतो. तो निघत नसेल तर ओढाताण न करता फडक्याने टिपून घ्या.

कुणाला काही अडल्यास बाजारच्या दिवशी सकाळी मी गट ऑफिसच्या ओट्यावर असतो. फ्रीज कोणत्या जातीचा, बर्फ नेमका कुठे धरतो आणि कंप्रेसर थांबतो की नाही, एवढे बघून या.

— एक निवृत्त फिटर, बॉयलिंग हाऊस